यामानोते मार्ग (टोकियोची वर्तुळाकार रेल्वे)

यामानोते मार्ग : जपानची राजधानी टोकियो हिच्या मध्यभागाला वेढा घालणारा वर्तुळाकार लोहमार्ग. लांबी 34.5 किमी., स्थानके 30, रुळांची रुंदी 1,067 मिमी., म्हणजे भारतातील मीटरगेजपेक्षा किंचितच जास्त. पूर्व जपान रेल्वे कंपनी (जेआर ईस्ट) तो चालवते. एक फेरी पुरी व्हायला साधारण तासभर लागतो. पण पुरी फेरी मारतात ते हौशी पर्यटक आणि डुलकी लागलेले नोकरदार. टोकियो, उएनो, इकेबुकुरो, शिंजुकु, शिबुया आणि शिनागावा ही मोठी स्थानके या एकाच मार्गावर आहेत. चहूबाजूंच्या उपनगरांतून येणारे लोहमार्ग येथे येऊन मिळतात, आणि त्यांतून उतरलेली माणसे शहरभर वाटून देणे हे या मार्गाचे खरे काम आहे. त्याचा नीट वापर करायचा तर त्यात कुठे बसायचे याइतकेच तो कुठे सोडायचा हेही ठाऊक असावे लागते.

वर्तुळ कसे जुळले

हा मार्ग कोणी नकाशावर कंपास ठेवून आखलेला नाही. निप्पोन तेत्सुदो या खाजगी कंपनीने 1885 मध्ये शिनागावा ते आकाबाने असा मार्ग शिबुया व शिंजुकुवरून टाकला, तो उत्तरेकडचे रेशीम योकोहामा बंदराला पोहोचवण्यासाठी. दाट वस्तीतून जमीन मिळवण्यापेक्षा शहराच्या पश्चिमेच्या मोकळ्या माळावरून जाणे सोपे होते. आज जेथे मुंगीला शिरायला वाट नाही, ते शिंजुकु त्या वेळी गावाबाहेरचे स्थानक होते. इकेबुकुरो ते ताबाता हा दुवा 1903 मध्ये झाला, 1906 मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 1909 मध्ये विजेच्या गाड्या धावू लागल्या.

पूर्वेची बाजू मात्र अडून राहिली. उएनो आणि कांदा यांच्यामध्ये व्यापाऱ्यांची जुनी, दाटीवाटीची वस्ती होती. त्यामुळे 1919 पासून गाड्या नाकानोहून निघून टोकियो, शिनागावा, शिंजुकु, इकेबुकुरो असा वळसा घेत उएनोला येऊन थांबत. हा आकार जपानी लिपीतील ‘नो’ या अक्षरासारखा दिसे, म्हणून लोक त्याला ‘नो’ची फेरीच म्हणत. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने पूर्व टोकियो बेचिराख झाले. पुढे दोन वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1925 रोजी, कांदा ते उएनो हा शेवटचा तुकडा उघडला आणि वर्तुळ पुरे झाले.

कागदोपत्री मात्र ते अजूनही पुरे नाही. ‘यामानोते मार्ग’ हे अधिकृत नाव शिनागावा–शिंजुकु–ताबाता एवढ्याच 20.6 किमी.ला आहे, उरलेला भाग तोहोकु व तोकाइदो या मुख्य मार्गांच्या हद्दीत मोडतो. प्रवाशाला याच्याशी काही देणेघेणे नाही. पूर्व अंगाला समांतर धावणाऱ्या केइहिन-तोहोकु गाड्या पूर्वी याच रुळांवरून जात. 1956 मध्ये दोघींचे रूळ वेगळे झाले.

युराकुचो ते शिंबाशी हा टप्पा विशेष पाहण्यासारखा आहे. जर्मन अभियंता फ्रांत्स बाल्त्सर याच्या आराखड्यावरून उभारलेल्या विटांच्या कमानींवरून 1910 पासून गाड्या जात आहेत. त्या कमानींखाली कोळशावर कोंबडीचे तुकडे भाजणारी चिंचोळी उपाहारगृहे आहेत. कचेऱ्या सुटल्या की तेथे धुराचा लोट उठतो आणि दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून गाडी गेली की टेबलावरचे पेले हलकेच थरथरतात. बाकीच्या फेरीत खिडकीतून इमारतींच्या पाठी, जाहिरातींचे फलक आणि शेजारच्या रुळांवरच्या गाड्या यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. निसर्गशोभेच्या अपेक्षेने कोणी यात बसू नये.

गाडी

या मार्गाची खूण म्हणजे पोपटी हिरवा रंग. 1963 मध्ये आलेल्या 103 मालिकेच्या गाड्यांपासून तो रूढ झाला. सध्याच्या ई-235 मालिकेच्या गाड्यांना 11 डबे असतात आणि प्रत्येक डब्याला दर बाजूस चार दरवाजे. पहिला वर्ग नाही, महिलांसाठी राखीव डबाही नाही. ही मालिका 30 नोव्हेंबर 2015 रोजी मोठ्या समारंभाने सुरू झाली आणि त्याच दिवशी बिघाडाने बंद पडली. दुरुस्त होऊन पुन्हा प्रवाशांसाठी धावायला तिला मार्च 2016 उजाडला. वक्तशीरपणाच्या ज्या आख्यायिका जपानी रेल्वेबद्दल सांगितल्या जातात, त्यांत ही हकीकत सहसा नसते.

गर्दीवरचा एक जालीम उपाय येथे 1991 पासून दोन दशके चालला. काही डब्यांना दर बाजूस सहा दरवाजे होते आणि सकाळच्या गर्दीत त्यांतली आसने दुमडून कुलूपबंद ठेवली जात, म्हणजे सगळ्यांनी उभेच राहायचे. फलाटांवर सरकते दरवाजे बसवायचे ठरल्यावर सर्व डब्यांची दारे एकसारख्या अंतरावर असणे भाग पडले आणि 2011 पर्यंत हे डबे काढून टाकण्यात आले.

प्रवास कसा करावा

जपानात गाड्या डाव्या बाजूने धावतात. त्यामुळे बाहेरचे रूळ घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्यांचे (सोतोमावारी) आणि आतले उलट दिशेने जाणाऱ्यांचे (उचिमावारी). ही नावे मुखोद्गत करण्याची गरज नाही. गोल मार्गाला शेवटचे स्थानक नसते, म्हणून फलाटावरच्या पाटीवर पुढे येणाऱ्या दोन मोठ्या स्थानकांची नावे लिहितात: ‘उएनो, इकेबुकुरोकडे’ किंवा ‘शिनागावा, शिबुयाकडे’. स्थानकांना क्रमांकही आहेत. टोकियो जेवाय 01, तेथून उत्तरेकडे वाढत जाऊन उएनो 05, इकेबुकुरो 13, शिंजुकु 17, शिबुया 20, शिनागावा 25 आणि शेवटी युराकुचो 30. आकडे वाढत असतील तर गाडी आतल्या रुळांवर आहे, कमी होत असतील तर बाहेरच्या. चुकीच्या दिशेची गाडी पकडली तरी माणूस पोहोचतोच, फक्त उशिरा, आणि भाडेही वाढत नाही. कारण भाडे दोन स्थानकांमधल्या जवळच्या अंतरावर ठरते, गाडी कोणत्या बाजूने गेली यावर नाही. ही सवलत मात्र त्याच स्थानकातून दुसऱ्यांदा न जाण्याच्या अटीवर आहे. एका किमान भाड्यात दिवसभर गोल फिरत वातानुकूलित डब्यात झोपणे नियमात बसत नाही.

तिकिटाची जागा आता बहुतांशी कार्डाने घेतली आहे. ‘सुईका’ हे कार्ड नोव्हेंबर 2001 मध्ये आले. आत जाताना आणि बाहेर पडताना ते यंत्राला टेकवायचे, पैसे आपोआप कापले जातात. 2013 पासून जपानातल्या इतर मोठ्या शहरांची कार्डेही येथे चालतात. नवख्याची फसगत होते ती भुयारी रेल्वेत बदलताना. भुयारी मार्ग वेगळ्या संस्थांचे आहेत, त्यांचे भाडे वेगळे कापले जाते आणि परदेशी पर्यटकांचा जपान रेल्वे पास तेथे चालत नाही. यामानोतेवर तो चालतो.

मार्ग कधी सोडायचा याचे उत्तर सोपे आहे: जायचे ठिकाण वर्तुळाच्या समोरच्या अंगाला असेल तेव्हा. टोकियो ते शिंजुकु हे अंतर यामानोतेने अर्ध्या तासाचे. वर्तुळाला मधोमध छेदणाऱ्या नारिंगी पट्ट्याच्या चुओ जलद गाडीने पंधरा मिनिटांच्या आत. शेजारच्या स्थानकांसाठीही पर्याय आहेत. ओसाकी ते इकेबुकुरो या पश्चिम अंगाला, एके काळच्या मालगाड्यांच्या रुळांवरून साइक्यो मार्गाच्या गाड्या जातात आणि शिंजुकु–इकेबुकुरोमधली तिन्ही छोटी स्थानके गाळतात. पूर्व अंगाला, ताबाता ते तामाची या पट्ट्यात, एकाच फलाटाच्या एका बाजूला हिरवी यामानोते आणि दुसऱ्या बाजूला आकाशी केइहिन-तोहोकु उभी राहते. दुपारी त्यांतली आकाशी जलद होते आणि काही स्थानके न थांबता जाते. सवयीचे प्रवासी जी आधी येईल तिच्यात चढतात. नवख्याने आधी आपले स्थानक गाळले जात नाही ना, ते पाहावे.

निशि-कासाई हे भारतीयांच्या, त्यात मराठी कुटुंबांच्याही, वस्तीचे ठिकाण वर्तुळाच्या बाहेर पूर्वेला, तोझाई भुयारी मार्गावर आहे. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये, निशि-कासाई ज्यात मोडते त्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. तोझाई मार्ग शहर आडवा ओलांडून ताकादानोबाबा येथे यामानोतेला मिळतो, त्यामुळे तेथून शिंजुकुला जाणारा माणूस यामानोतेने जेमतेम दोन स्थानके जातो. टोकियोकरांचा या मार्गावरचा प्रवास बहुधा असाच तुटक असतो.

रात्री सेवा बंद असते. पहाटे साडेचारच्या सुमारास गाड्या सुरू होतात, मध्यरात्रीनंतर एकच्या आसपास थांबतात. शेवटच्या काही गाड्या पुरे वर्तुळ न करता ओसाकी, शिनागावा किंवा इकेबुकुरोला संपतात. तेव्हा पाटीवरचे अंतिम स्थानक वाचणे अगत्याचे असते.

वर्तुळाचे दुखणे

सरळ मार्गावर उशीर झालेली गाडी शेवटच्या स्थानकात थोडी कमी थांबून वेळ भरून काढते. गोल मार्गाला ती सोय नाही. एकीचा उशीर मागच्या सगळ्यांच्या गळ्यात पडतो. शिवाय उशिरा आलेल्या गाडीसाठी फलाटावर जास्त माणसे साठलेली असतात. ती चढायला जास्त वेळ लागतो आणि गाडी आणखी मागे पडते, तर तिच्या मागची गाडी रिकामी धावते. म्हणून येथे वेळापत्रकाइतकेच दोन गाड्यांमधले अंतर सांभाळतात. मागची गाडी रखडली की पुढच्या गाडीलाही मुद्दाम थांबवून धरतात आणि ‘अंतर जुळवण्यासाठी थांबत आहोत’ अशी घोषणा होते. चालक बदलणे, गाड्या कारशेडला नेणे-आणणे हे मुख्यतः ओसाकीला होते. उशीर झाल्यास कचेरीत दाखवण्यासाठी प्रवाशांना तसा दाखला मिळतो. याच दुखण्याला कंटाळून लंडनने 2009 मध्ये आपल्या सर्कल मार्गाचे वर्तुळ तोडले आणि त्याला एक शेपूट जोडले. टोकियोने वर्तुळ ठेवले, कारण येथे यामानोतेचे रूळ दुसऱ्या कोणाला वापरावे लागत नाहीत.

सुरक्षा

26 जानेवारी 2001 रोजी शिन-ओकुबो स्थानकात रुळांवर पडलेल्या एका माणसाला वाचवण्यासाठी कोरियन विद्यार्थी ली सू-ह्यॉन आणि जपानी छायाचित्रकार सेकिने शिरो यांनी खाली उड्या घेतल्या. तिघेही गाडीखाली सापडले. त्यांच्या स्मरणाची पाटी त्या स्थानकात आहे. या घटनेने देशभर हळहळ व्यक्त झाली आणि फलाटांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. 2010 मध्ये एबिसुपासून फलाटांच्या कडेला सरकते दरवाजे बसवायला सुरुवात झाली. सगळा मार्ग उंचावरून किंवा खोदलेल्या चरातून जात असला, तरी कोमागोमे आणि ताबाता यांच्यामध्ये एक रेल्वे फाटक अजून शिल्लक राहिले. अरुंद गल्लीतल्या त्या फाटकाशी सायकलवाले आणि पिशव्या घेतलेल्या आज्या गाडी जाण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या दिसतात.

शहरावरचा ठसा

खाजगी रेल्वे कंपन्यांना पूर्वी वर्तुळाच्या आत शिरकाव नव्हता. आतली वाहतूक नगरपालिका आपल्या हातात ठेवू पाहत होती. त्यामुळे तोबु आणि सेइबु इकेबुकुरोला, ओदाक्यू आणि केइओ शिंजुकुला, तोक्यू शिबुयाला अडल्या. तेथे गाडी बदलणाऱ्या लाखोंच्या रेट्यावर त्यांनी स्थानकालाच लागून मोठाली दुकाने थाटली. आज टोकियोला एकच केंद्र नाही, वर्तुळावर अनेक केंद्रे आहेत, ती यामुळे. शिंजुकु हे जगातले सर्वांत वर्दळीचे स्थानक म्हणून गिनीज बुकात नोंदले गेले. त्याला दोनशेहून अधिक दारे आहेत, तेव्हा ‘स्थानकाबाहेर भेटू’ असे तेथे कोणी कोणाला सांगत नाही. एबिसुची गोष्ट उलटी. तेथल्या कारखान्यातील याच नावाची बिअर लादण्यासाठी 1901 मध्ये मालाचे स्थानक निघाले, आणि बिअरचे नाव आधी स्थानकाला, मग वस्तीला मिळाले.

सर्वांत नवे स्थानक ताकानावा गेटवे, 14 मार्च 2020 रोजी उघडलेले. त्याचा आराखडा वास्तुविशारद केन्गो कुमा यांचा. नावासाठी लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. साध्या ‘ताकानावा’ला सर्वाधिक 8,398 मते पडली, निवडलेल्या नावाला 36 मते होती आणि ते 130 व्या क्रमांकावर होते. मग लोकांना विचारले कशाला, हा प्रश्न टोकियोकरांनी तेव्हा विचारलाच. याच परिसराच्या कामात 2019 मध्ये जपानच्या पहिल्या रेल्वेचा, 1872 चा, समुद्रातून बांधलेला दगडी बांध सापडला.

इतर शहरे

ओसाकाचा वर्तुळ मार्ग (21.7 किमी., 19 स्थानके) 1961 मध्ये जुळला आणि 1964 पासून त्यावर पुरी फेरी सुरू झाली. नागोयाचा मेइजो हा भुयारी मार्ग (26.4 किमी., 28 स्थानके) 2004 मध्ये वर्तुळ झाला, तेथे दिशांना सरळ ‘उजवी फेरी’ आणि ‘डावी फेरी’ म्हणतात. टोकियोचाच ओएदो भुयारी मार्ग नकाशावर गोल वाटतो, पण त्याचा आकार इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आहे आणि तोचोमाए स्थानकात गाडी बदलल्याशिवाय फेरी पुरी होत नाही. ओसाकात यामानोतेच्या सवयीने वागणे अंगाशी येते: तेथे वर्तुळाच्याच रुळांवरून नारा, वाकायामा आणि कान्साई विमानतळाकडे जाणाऱ्या जलद गाड्याही धावतात, आणि त्या तेन्नोजीनंतर वर्तुळ सोडून निघून जातात.