व्हिक्टोरियन नाताळकार्डे

व्हिक्टोरियन नाताळकार्ड : राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) इंग्लंडात नाताळच्या शुभेच्छांसाठी छापले आणि धाडले गेलेले चित्रकार्ड. बर्फाच्छादित चर्च, पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज, दिव्यांनी लखलखणारा वृक्ष अशा चित्रांची सवय असलेल्या माणसाच्या हाती या काळातला गठ्ठा पडला की तो पहिल्यांदा गोंधळतो. त्यात मेलेले पक्षी असतात, खून करणारे बेडूक असतात, माणसाचे डोके लावलेले सलगम असते आणि भर डिसेंबरात उमललेली गुलाबाची फुलेही असतात. नाताळच्या कार्डावर काय असावे हे तेव्हा अजून ठरलेले नव्हते. ते ठरायच्या आधीची ही पन्नासेक वर्षे आहेत, आणि कार्डांची सगळी गंमत त्या मोकळिकीत आहे.

पहिले कार्ड १८४३ चे. हेन्री कोल हा सरकारी दप्तरखान्यातला अधिकारी, पुढे साउथ केन्सिंग्टन म्युझियमचा पहिला संचालक झाला. १८४० मध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले; ती टपालव्यवस्था उभी करण्यात त्याचाही हात होता. टपाल स्वस्त झाल्यावर नाताळात पत्रांचा ढीग पडू लागला आणि प्रत्येकाला हाताने उत्तर लिहिणे कोलला जमेना. त्याने जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले. सुमारे १,००० प्रती शिळाप्रेसवर (दगडावरून छापणाऱ्या यंत्रावर) छापून हातांनी रंगवल्या, आणि स्वतःला लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या एक शिलिंगाला एक अशा विकायला काढल्या. एका शिलिंगाचे बारा पेनी होतात, म्हणजे कार्ड टपालखर्चाच्या बारा पट महाग होते. ही चाल सामान्य घरांत पोचायला आणखी तीस वर्षे का लागली, याचे अर्धे उत्तर या किमतीत आहे.

कार्ड साधारण १३ बाय ८ सेंटिमीटरचे, घडी नसलेले. द्राक्षवेलीच्या मांडवाने त्याचे तीन खण पाडले आहेत. मधल्या खणात तीन पिढ्यांचे कुटुंब टेबलाभोवती बसून प्याले उंचावते आहे. बाजूच्या दोन खणांत भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र दिले जाते आहे. नाव लिहायला कोरी जागा सोडलेली आहे. मधल्या खणात एका लहान मुलीच्या ओठांना वाइनचा प्याला लावलेला दिसतो आणि त्यावरून दारूबंदीवाल्यांनी बराच गहजब केला. या प्रतींपैकी आता थोड्याच उरल्या आहेत. कोलने आपल्या आजीला पाठवलेली एक प्रत २००१ मध्ये लिलावात २२,५०० पौंडांना गेली. विल्यम मॉ एगली याचे जवळजवळ तशाच मांडणीचे कार्ड १८४८ चे आहे. त्यावरच्या वर्षाचा शेवटचा ८ अनेकांना २ वाटला, म्हणून बरीच वर्षे पहिलेपणाचा मान त्यालाच दिला जात होता.

खरी लाट आली ती १८७० नंतर. त्या वर्षी छापील मजकुरासाठी अर्ध्या पेनीचा दर सुरू झाला आणि न चिकटवलेल्या पाकिटातले कार्ड निम्म्या खर्चात जाऊ लागले. त्याच सुमारास रंगीत शिळाछपाई स्वस्त झाली. खेळायच्या पत्त्यांचे जोड छापणारे गुडॉल १८६२ पासूनच कार्डे काढत होते. मागोमाग बेलफास्टचे मार्कस वॉर्ड, डी ला रू, हिल्डेशायमर आणि राफाएल टक हे प्रकाशक उतरले. मार्कस वॉर्डसाठी केट ग्रीनअवे ही चित्रकार चित्रे काढी. टक यांनी १८८० मध्ये स्पर्धा लावून चित्रे मागवली आणि लंडनच्या डडली गॅलरीत मांडली. अमेरिकेत बॉस्टनचा लुई प्रँग १८७०च्या दशकाच्या मध्यापासून कार्डे छापू लागला. त्याची छपाई या सगळ्यांत सरस मानावी लागते. एकेका कार्डाला वीसपर्यंत दगड वापरायला तो कचरत नसे. पुढे जर्मनीतून आलेल्या स्वस्त मालापुढे त्याचा टिकाव लागला नाही.

दगडावरची छपाई

बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतला बारीक कणांचा चुनखडीचा दगड घासून गुळगुळीत करतात. त्यावर चरबीयुक्त खडूने किंवा शाईने चित्र उलटे काढतात, मग गोंद आणि किंचित नायट्रिक आम्ल यांचे मिश्रण फिरवतात. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चरबीच्या रेघांना धरते, ओल्या दगडाला धरत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. साध्या कार्डाला सहा ते आठ, चांगल्याला बारा ते वीस. फिकट रंग आधी, गडद नंतर, आणि दोन रंगांमध्ये वाळण्याला वेळ. कागद हवेतली ओल पिऊन फुगतो, सुकला की आखडतो. त्यामुळे दहाव्या दगडापर्यंत पोचेतो रंग केसभर सरकतात आणि गालाचा गुलाबी रंग गालाबाहेर उतरतो. अशी सरकलेली प्रत त्या काळी सवंग मालात खपून जाई.

मराठी वाचकाला हे तंत्र अगदी अनोळखी नाही. पुण्याच्या चित्रशाळेची (१८७८) देवादिकांची चित्रे आणि राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती याच पद्धतीने दगडावरून उतरल्या. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथे जर्मन कारागीर काम करत. घरात तसे जुने चित्र असेल तर देवीच्या चेहऱ्यावर दहापट मोठे दाखवणारे भिंग धरून पाहावे. हाताने टिपलेले, लहानमोठे, वेडेवाकडे ठिपके दिसतील. नाताळकार्डावरच्या परीच्या गालावरही तेच ठिपके असतात. आजच्या ऑफसेट छपाईत त्याऐवजी चार रंगांच्या एकसारख्या टिंबांची फुलासारखी जाळी दिसते, आणि नवी नक्कल ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

विचित्र चित्रे आणि त्यांची कारणे

सर्वांत जास्त चर्चा होते ती मेलेल्या रॉबिनच्या कार्डाची. पाय वर करून उताणा पडलेला, लाल छातीचा लहानसा पक्षी. खाली ‘तुमचा नाताळ आनंदात जावो’ अशा अर्थाची ओळ. (हा युरोपातला रॉबिन, आपल्याकडच्या चिरक पक्ष्याला इंग्रजीत रॉबिन म्हणत असले तरी दोघे वेगळे.) १८८०च्या दशकात अशी मेलेल्या पक्ष्यांची कार्डे बरीच खपली. जिवंत रॉबिन कार्डावर कसा आला हे सोपे आहे. इंग्लंडातल्या टपालवाल्यांचा जुना गणवेश लाल होता, लोक त्यांना ‘रॉबिन’ म्हणत, म्हणून चोचीत पाकीट धरलेला रॉबिन हा टपालवाला झाला. मेलेल्याचा उलगडा तेवढा सरळ नाही. जंगलात मेलेल्या दोन मुलांना रॉबिन पानांनी झाकतो, अशी एक जुनी कथा इंग्रज घरांत पाठ होती. आयर्लंडात आणि ब्रिटनच्या काही भागांत २६ डिसेंबरला रेन नावाचा चिमुकला पक्षी मारून दारोदार मिरवण्याची चाल होती. शिवाय कडाक्याच्या थंडीत गारठून मेलेला जीव पाहून गरिबांची आठवण व्हावी, ही त्या काळच्या नाताळाची ओळखीची भावना. हे तिन्ही धागे त्या चित्रात गुंतलेले असावेत. पाठवणाऱ्याला ते अभद्र वाटत नव्हते. डोळ्यांत पाणी आणणारे चित्र पाठवणे हेही प्रेमाचेच लक्षण मानले जाई.

बेडकांची गोष्ट वेगळी. एका कार्डावर भोसकलेला बेडूक पडला आहे आणि मारेकरी बेडूक पैशांची थैली घेऊन पळतो आहे. दुसऱ्यावर उंदीर शेवंडावर स्वार आहे आणि फ्रेंचमध्ये शांती, आनंद, आरोग्य, सुख असे मागणे लिहिले आहे. माणसासारखे वागणारे प्राणी आणि भाज्या ही मुलांच्या चित्रांतली आणि विनोदी साप्ताहिकांतली लोकप्रिय गंमत होती. विदूषक पोलिसाला छळतो ती कार्डे सरळ रंगभूमीवरून आलेली आहेत: नाताळानंतर लागणाऱ्या पँटोमाइम या विनोदी नाटकात हा सोंगाड्या पोलिसाची फजिती करी आणि सारे घर ते पाहायला जाई.

आणखी एक कारण छापखान्याच्या हिशेबात सापडते. एक चित्र वीस दगडांवर चढवायला इतका खर्च येई की ते एकाच सणाला वापरणे परवडत नसे. पाकळ्या, परी, मांजरे यांचे चित्र आधी छापून ठेवत आणि मजकूर नंतर घालत: डिसेंबरात नाताळ, जानेवारीत नववर्ष, फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन, उरलेल्यावर वाढदिवस. हिवाळ्यातल्या कार्डावर जाई-गुलाब दिसले तर प्रतीक शोधत बसण्याआधी ही शक्यता तपासावी. येशूजन्माची चित्रेही याच कारणाने अपेक्षेपेक्षा कमी सापडतात.

लाल जीभ काढून मुलांना टोपलीत भरणारा शिंगाळ राक्षस क्रॅम्पस पुष्कळदा याच मालिकेत घुसडला जातो. तो ऑस्ट्रियाकडचा, ५ डिसेंबरच्या रात्रीचा, आणि बहुतेक वेळा घडीच्या कार्डावर न दिसता पोस्टकार्डावर असतो. इंग्लंडाशी त्याचा संबंध नाही.

झालर, काचभुकटी, ओढपट्टी

१८८०च्या सुमारास चित्र पुरेना, म्हणून कार्डाला साज चढला. रेशमी झालरीच्या कार्डात दोन चित्रे पाठीला पाठ लावून मधे झालर चिकटवलेली असते. वर गोंडा आणि दोरी. झालर सुकून तुकड्यातुकड्यांनी गळू लागली की दोष फक्त वयाचा नसतो. रेशमाला वजन यावे म्हणून कारखाने त्यात धातूंचे क्षार भरत, आणि उजेडात तेच तंतू कुरतडतात. अशी झालर कापून टाकू नये. कापलेल्या कार्डाची किंमत आणि अर्थ दोन्ही जातात.

बर्फ म्हणून चमचमते ती बहुधा दळलेल्या काचेची भुकटी असते. ती कुंचल्याने झाडली तर निघून येते आणि बोटालाही लागते. कागदी लेस तर ठशाने इतकी बारीक भोसकलेली असते की श्वासाच्या फुंकरीनेही दुमडते.

सर्वांत नाजूक म्हणजे ओढपट्टीची कार्डे. बाहेरची पट्टी ओढली की आतल्या कागदी दांड्या, दोरा आणि बारीक तारेची बिजागरी हलून पडदा उघडतो किंवा फुलांचा गुच्छ पुढे येतो. जुनी पट्टी हाती येताच ओढण्याचा मोह होतो आणि तिथेच ती तुटते. आधी कार्ड डोळ्यांच्या पातळीवर धरून कडेने बॅटरीचा उजेड टाकावा, आतली दांडी कुठे अडकली आहे ते पाहावे. वाकलेला कागद असेल तर काही तास साधारण ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत राहू द्यावा, मग पट्टी दोन-तीन मिलिमीटरच सरकवावी. थोडाही अडथळा लागला तर तिथेच थांबावे.

वय ओळखणे आणि जतन

पाठ कोरी असेल तर ते घडीचे किंवा पाकिटातले कार्ड. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर ब्रिटनमधले पोस्टकार्ड १९०२ च्या आधीचे नाही, अमेरिकेतले १९०७ च्या आधीचे नाही. ‘जर्मनीत छापले’ अशी ओळ साधारण १८८० दशकाच्या अखेरीनंतर दिसू लागते. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा स्वस्त दिवा अंधारात धरला तर जुना कागद मंद, पिवळट दिसतो. निळसर पांढरा झळाळला तर त्यात चकाकीची रसायने आहेत, म्हणजे तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा.

व्हिक्टोरियन मुले कार्डे वह्यांत चिकटवत. ती उचकटून काढू नयेत. काढायचीच असतील तर वहीचे पान कार्डाच्या आकाराने कापून घ्यावे, पानाच्या मागून ओलसर टिपकागद अर्धा तास ठेवावा आणि पान कार्डावरून सोलावे. कार्ड पानावरून ओढू नये. मग दोन कोऱ्या टिपकागदांत, वजनाखाली, दोन दिवस. पाण्यात बुडवणे हा सर्वांत मोठा घात: हाताने भरलेला रंग उतरतो, जिलेटिनचा चकाकता थर चिकट होतो, आणि पुठ्ठ्याचे थर वेगवेगळे फुगून कार्ड कायमचे वाकते. फाटलेला भाग सेलोटेपने जोडू नये. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची ताजी खळ वापरावी, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत ठेवताना पावसाळा हाच मुख्य वैरी. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, आणि जुलैत ती ८० च्या पुढे सहज जाते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, आम्लमुक्त कागदात गुंडाळून, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंग बदलला की ती वाळवावी. कसर गोंद आणि खळ आवडीने खाते, म्हणून महिन्यातून एकदा डबा उघडून पाहावा. डांबरगोळ्या आत टाकू नयेत, त्यांची वाफ कागदावर पुन्हा स्फटिकरूपात बसते. चिकट पानांचे फोटो-अल्बम आणि वास मारणारी पीव्हीसीची पाकिटे दोन्ही टाळावीत. पॉलिएस्टरची पाकिटे चालतात. मात्र काचभुकटीच्या कार्डांना तीही नकोत, स्थिर विजेने भुकटी पाकिटाला जाऊन चिकटते. ती कार्डे उथळ पेटीत, चित्र वर करून, एकमेकांवर न रचता ठेवावीत. पाठवणाऱ्याचे नाव, तारीख किंवा जुन्या वहीतली जागा टिपायची असेल तर ती वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून कार्डाशेजारी ठेवावी.