कमाटीबाग: राजवाड्याच्या आधी उघडलेली बाग

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बडोद्यातल्या मराठी घरांत कमाटीबागेचा विषय निघतोच. पाहुणे आलेले असतात, मुलांना छोट्या रेल्वेत बसायचं असतं, कॉलेजातल्या पोरांना महिना-दीड महिन्याचं काही काम मिळतंय का ते बघायचं असतं, आणि एखाद्या मंडळाला बँडस्टँडजवळ गाण्याचा कार्यक्रम करायचा असतो. मग परवानगी कोणाकडे मागायची, भाडं किती, आणि मुळात बागेत भाड्याने कार्यक्रम व्हावेत का, यावरून घरातच दोन तट पडतात. या वादाची मुळं दीडशे वर्षं मागे जातात.

कागदोपत्री नाव सयाजीबाग, पण बोलताना कमाटीबागच. विश्वामित्रीच्या काठची सुमारे ११३ एकरांची ही बाग ८ जानेवारी १८७९ रोजी लोकांसाठी खुली झाली. जिला सयाजीरावांचं नाव आहे त्या बागेच्या उद्घाटनावेळी सयाजीराव होते अवघे पंधरा वर्षांचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याघरचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी दत्तक जाऊन सयाजीराव झाला, त्याला चार वर्षंही झाली नव्हती. लिहायला-वाचायला शिकणं, घोड्यावर बसणं, इंग्रज शिक्षकाची शिकवणी असे त्यांचे दिवस चालले होते. पूर्ण राज्याधिकार त्यांना मिळाले ते २८ डिसेंबर १८८१ ला. तोवर राज्याची सूत्रं होती दिवाण सर टी. माधवरावांकडे.

बागेचं श्रेय सरसकट महाराजांच्या खात्यावर जमा होतं, त्यात माधवरावांवर जरा अन्याय होतो असं मला वाटतं. कुंभकोणमला जन्मलेला, तंजावरकडच्या मराठी घराण्यातला हा माणूस. त्रावणकोर आणि इंदूर इथली दिवाणगिरी करून तो बडोद्यात आला, तो आधीचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्या पदच्युतीनंतरचा विस्कटलेला कारभार सावरायला. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या होत्या. त्यांच्या आधीच्या खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता. खजिन्यातला पैसा कुठे जात होता ते यावरून कळतं. त्या पार्श्वभूमीवर सरकारी पैशातून रयतेसाठी बाग करायची, तीही राजवाड्याच्या आधी, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. लक्ष्मीविलास पॅलेसचं काम सुरू झालं १८८० मध्ये आणि संपलं १८९० मध्ये. राजाचं नवं घर उभं राहायच्या आत रयत बागेत फिरायला लागली होती.

बागेसोबतच प्राणिसंग्रहालयही सुरू झालं. बडोद्याला जनावरं बघायची सवय त्याआधीपासून होती, फक्त वेगळ्या प्रकारची. पाणीगेटकडच्या अगडात, म्हणजे झुंजीच्या आखाड्यात, हत्तींच्या टकरी लागत, त्याला साठमारी म्हणत. खंडेरावांच्या काळात आलेल्या युरोपीय प्रवाशांनी त्यांची रसभरित वर्णनं लिहून ठेवली आहेत. एकीकडे मातीत झुंजणारे हत्ती, दुसरीकडे पिंजऱ्यातले वाघ-सिंह आणि त्यांच्यासमोर रेंगाळणारी कुटुंबं. साठमारी काही लगेच बंद पडली नाही, बड्या पाहुण्यांसाठी ती पुढेही अनेक वर्षं होत राहिली. पण शहराची करमणूक हळूहळू अगडाकडून बागेकडे सरकली.

झाडांच्या बाबतीत एक नाव घ्यायलाच हवं. १८९३ मध्ये जर्मनीचे गुस्ताव्ह हर्मान क्रुम्बीगल लंडनच्या क्यू गार्डनमधून बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. पुढे बंगळूरच्या लालबागेमुळे त्यांचं नाव देशभर झालं, पण हिंदुस्थानातली त्यांची पहिली कर्मभूमी बडोदा. संस्थानच्या बागांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. दरम्यान १८९२ मध्ये आजव्याच्या सयाजी सरोवराचं पाणी नळाने शहरात आलं. माळीकामाची फारशी चर्चा इतिहासात होत नाही, पण गुजरातच्या एप्रिल-मेमध्ये एवढी मोठी बाग हिरवी ठेवायची तर पाण्याचा हिशेब आधी सुटावा लागतो, हे कोणताही माळी सांगेल.

मग आलं संग्रहालय. इमारतीचं मूळ काम मेजर चार्ल्स मंट यांच्याकडे होतं, त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेलं. दोघांचीही नावं लक्ष्मीविलासशी जोडलेली आहेत, त्यामुळे राजवाड्याची आणि बागेतल्या संग्रहालयाची बांधणी बघताना ओळखीच्या खुणा सापडत राहतात. १८९४ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. शेजारच्या चित्रसंग्रहालयाची हकिकत जास्त रंजक. बांधकाम १९०८ मध्ये सुरू होऊन १९१४ ला पुरं झालं. युरोपातली चित्रं विकत घ्यायचं काम सयाजीरावांनी लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्यावर सोपवलं होतं. खरेदी झाली आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. समुद्रमार्गाने चित्रं पाठवणं धोक्याचं, म्हणून ती विलायतेतच अडकून पडली. इमारत तयार आणि भिंती मोकळ्या, अशी काही वर्षं गेली. दालन उघडलं १९२१ मध्ये. त्याच वर्षी न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली बडोद्यात मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. गावात तेव्हा किती घडत होतं याचा अंदाज यावा.

आज मात्र या दालनांत सगळ्यात जास्त गर्दी असते ती चित्रांपुढे नव्हे. एक इजिप्तच्या ममीपुढे, आणि दुसरी निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी. हा मासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. सांगाड्याची लांबी सुमारे ७२ फूट. मुलं जबड्याच्या टोकापासून मोजायला लागतात, पावलं टाकत शेपटीपर्यंत जातात, आकडा चुकतो आणि पुन्हा जबड्याकडे पळत येतात. तोवर मोठी माणसं अकोट्याच्या धातूच्या जैन मूर्ती बघून घेऊ शकतात. शहराच्याच अकोटा भागात १९५१ मध्ये सापडलेला हा साठा पश्चिम भारतातल्या मूर्तिकलेच्या अभ्यासात अनमोल मानला जातो. त्याच्यासमोर सहसा कोणी नसतं, त्यामुळे निवांत बघता येतो.

१९०७ मध्ये बागेजवळ सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तोच काळा घोडा. आता तो पत्ता सांगायच्या कामाचा झाला आहे: ‘काळ्या घोड्यापाशी उतरा.’

बागेच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस मात्र उद्घाटनाचा नाही. तो १९१७ च्या सप्टेंबरातला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले भीमराव आंबेडकर कराराप्रमाणे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले होते. अस्पृश्य म्हणून शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायचं फर्मान सुटलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन ओळखीच्यांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही आपापल्या परीने असमर्थता सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले चार-पाच तास काढायचे कुठे? ते कमाटीबागेत येऊन बसले. तिथे आई-वडिलांची आठवण आल्याचं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. आठच्या सुमारास उठून त्यांनी सामान घेतलं आणि स्टेशन गाठलं. ज्या वडाखाली त्यांनी जन्मभराचा निश्चय केला असं मानतात, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दर २३ सप्टेंबरला महाराष्ट्रातूनही माणसं तिथे येतात.

महाराज पुरोगामी, शिष्यवृत्ती त्यांनीच दिलेली, नोकरीही त्यांचीच. तरी राजधानीत एक खोली मिळाली नाही. अख्ख्या शहरात ‘उठा’ असं न सांगणारी जागा ही बाग तेवढी होती. तिचं सार्वजनिक असणं किती खरं, हे त्या संध्याकाळी दिसलं, आणि तिच्या कुंपणाबाहेर ते किती तोकडं होतं, हेही.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला, आणि बागेचे मालक बदलले. नुसते बदलले नाहीत, वाटले गेले. बाग, प्राणिसंग्रहालय आणि तारांगण महापालिकेकडे, तर संग्रहालय आणि चित्रदालन राज्य सरकारकडे. एकाच कुंपणात दोन कारभार. पहिल्यांदा येणाऱ्याला याचा पत्ता तिकिटाच्या खिडक्यांवरून लागतो. बागेत शिरायला पैसे पडत नाहीत, पण आतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट स्वतःचं तिकीट मागते.

छोटी रेल्वे मूळची राजघराण्याची. लक्ष्मीविलासच्या आवारात राजपुत्र-राजकन्यांसाठी धावायची, १९५० च्या दशकात ती शहरातल्या मुलांच्या वाट्याला आली. वाफेचं ते जुनं इंजिन थकल्यावर पुढे नवी गाडी आली. तारांगणाला सरदार पटेलांचं नाव आहे. खेळ गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होतात. मराठी माणूस हिंदीच्या खेळाला बसतो आणि आतल्या अंधारात मराठीत कुजबुजतो. फुलांचं घड्याळही बरंच प्रसिद्ध. तबकडीवर रोपं लावलेली, त्यांच्यावरून काटे फिरतात आणि सगळं यंत्र जमिनीखाली दडलेलं. रोपं काट्यांना अडतील इतकी वाढू न देणं, ही तिथल्या माळ्याची खरी परीक्षा.

आता सुट्टीतल्या कामाबद्दल. बागेतलं कायम काम म्हणजे माळी, पहारेकरी, प्राण्यांची देखभाल करणारे. पण कोणत्याही मोठ्या बागेसारखा इथेही कायम नोकरांच्या भोवती हंगामी कामाचा एक पट्टा असतो. गेटबाहेरच्या कुल्फी, बर्फगोळा आणि सेवउसळीच्या गाड्यांवर मे महिन्यात एक हात जास्त लागतो, आणि तो बहुधा घरातल्याच सुट्टी लागलेल्या मुलाचा असतो. याचं कंत्राट नसतं की प्रमाणपत्र. दुसरीकडे शिकाऊ मंडळींचा वावर जुना आहे. १९४० च्या दशकात संग्रहालयाचे संचालक असलेले हर्मान गोट्झ यांनी आखणी केली आणि १९५२ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला. संग्रहालय कसं चालवायचं याचं रीतसर शिक्षण देणारा हा देशातला पहिला विभाग. ललितकला विभागाचे विद्यार्थी तर पिढ्यान्‌पिढ्या वही घेऊन पिंजऱ्यांसमोर बसत आले आहेत. जनावर एका जागी थांबत नाही, त्यामुळे हात लवकर तयार होतो. त्यातल्या काहींची नावं पुढे देशाच्या कलेत झाली. पगारी काम नसलं तरी उमेदवारीची जागा म्हणून या बागेने पुष्कळ जणांना घडवलं आहे.

नदी मात्र कोणाचंच वेळापत्रक पाळत नाही. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत, शहराच्या ऐन मध्यावर. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, २०२४ च्या ऑगस्टात पुन्हा पूर आला, दोन्ही वेळा पाणी बागेत शिरलं. पूर ओसरल्यावर रोपं, बाकं, पिंजरे, रूळ सगळं चिखलाने माखतं आणि ते साफ करायला किती हात लागतात ते तेव्हाच कळतं. १८७९ मध्ये नदीकाठ निवडला तो पाण्यासाठी आणि शोभेसाठी. त्या काठावर पुढे शहराने कुठवर बांधकाम केलं, त्याचा भुर्दंड बागेला पडतो आहे.

राहिला भाड्याचा प्रश्न. बँडस्टँड होतं कारण संस्थानला स्वतःचा बँड होता. १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा निघालेल्या या गावात उघड्यावर बसून संगीत ऐकणं ही सरकारने लोकांना दिलेली सोय होती, भाड्याने दिलेली जागा नव्हे. आज कार्यक्रम करायचा तर बागेत महापालिकेची परवानगी लागते आणि संग्रहालयाच्या हद्दीत राज्य सरकारची. कोणाची हद्द कुठे संपते हे आयोजकाने आधीच विचारून घेतलेलं बरं, नाही तर आयत्या वेळी धावपळ होते. नशिबाने नवरात्रातला मोठा गरबा, प्रदर्शनं, सभा यांच्यासाठी गावात पोलो ग्राउंड आणि नवलखी मैदान आहे. त्यामुळे मांडव आणि जनरेटरचा बराचसा भार बागेवरून परस्पर टळतो.

बागेत शोभतो तो जानेवारीतला बाळमेळा. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांतली मुलं आपले प्रयोग, नाच-गाणी आणि खाण्याचे स्टॉल घेऊन येतात, आणि आईवडील आपल्या पोराच्या स्टॉलवरून निमूटपणे पैसे देऊन भेळ खातात. त्या दिवसांत सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या वाटा अडतात, कुरकुर होते, पण कोणाला बाहेर काढलं जात नाही. कार्यक्रम बागेत करायचा की मैदानावर, हे ठरवताना मी हीच कसोटी लावीन: तो चालू असताना तिकीट न काढता कोणी येऊन बाकावर बसू शकतो की नाही. बसू शकत असेल तर भाडं खुशाल घ्या, हिरवळीच्या दुरुस्तीची अनामत रक्कमही घ्या. दोरी बांधून आणि पास तपासून बाग अर्धी बंद करावी लागत असेल, तर त्या आयोजकाला नवलखीचा रस्ता दाखवावा.