सुकलंय की वाळलंय?

फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमतकडे गेलात तर शिजवलेली हळद जागोजागी उन्हात पसरलेली दिसते. ओल्या हळदीत 70 ते 80 टक्के पाणी असतं. ते 10 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत तिला ऊन देतात. हळकुंड खडखडीत वाळलं की मोडताना कट्कन आवाज येतो. आता त्यात बुरशीला जगण्यापुरतंही पाणी नसतं, म्हणून ते टिकतं.

या वाळण्याला इंग्रजीत 'डेसिकेट' म्हणतात. 'डेसिकेटेड कोकोनट' असं छापलेली किसाची पुडी बहुतेकांनी पाहिली असेल. शब्द लॅटिन 'देसिक्कारे'वरून आला. 'सिक्कुस' म्हणजे कोरडा, 'सिक्कारे' म्हणजे कोरडं करणं. पुढे लागलेल्या 'दे'मुळे घोटाळा होतो, कारण पुष्कळ इंग्रजी शब्दांत तो 'काढून टाकणं' दाखवतो. इथे मात्र त्याचा अर्थ 'पुरतं, शेवटपर्यंत'. डेसिकेट म्हणजे पार वाळवणं.

म्हणूनच त्याचं भाषांतर नुसतं 'सुकवणे' केलेलं मला पटत नाही. पावसानं ओढ दिली की आपल्याकडे शेतकरी आधी म्हणतो, 'सोयाबीननं माना टाकल्या, पीक सुकायलंय.' 'वाळलं' हा शब्द तो सहजासहजी तोंडातून काढत नाही. या दोन शब्दांमध्ये पिकाचा जीव असतो.

पानांतल्या पेशी पाण्यानं फुगलेल्या असतात, त्यामुळे पान ताठ राहतं. पाणी कमी पडलं की ताठपणा जातो आणि पान लोंबतं, पण पेशी जिवंत असतात. एक चांगला पाऊस झाला की पीक पुन्हा उभं राहतं. ओढ लांबली की काळ्या मातीत भेगा पडतात. खाली थोडी ओल तेव्हाही असते, पण मातीचे बारीक कण ती इतकी घट्ट धरून ठेवतात, की हवेच्या दाबाच्या साधारण 15 पट जोर लावल्याशिवाय ती सुटत नाही. बहुतेक पिकांच्या मुळांची ताकद तिथे संपते. त्यानंतर पेशींची आवरणं फाटतात, आणि मग कितीही पाऊस पडला तरी उपयोग नाही. हे वाळणं.

'सिक्कुस' आणि आपलं 'सुकं' कानाला भावंडं वाटतात, पण 'सुकं' आलं संस्कृत 'शुष्क'वरून आणि त्याचा धातू वेगळा. खरं नातं दुसरीकडेच आहे. आपली 'तहान' संस्कृत 'तृष्णा'वरून आली. इंग्रजी 'थर्स्ट' त्याच कुळातला, आणि लॅटिन 'टेरा'सुद्धा. टेरा म्हणजे जमीन, मुळात 'कोरडा भाग'. तहान आणि जमीन एकाच धातूतून निघाल्या, हे वाचलं तेव्हा मला एप्रिल 2016 चं लातूर आठवलं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर.