हेल्पर फंक्शन (जावास्क्रिप्ट)

ॲरे (क्रमवार यादी) आणि ऑब्जेक्ट (नाव-मूल्य जोड्यांचा संच) यांवरची नेहमीची कामे, म्हणजे क्रम लावणे, गट पाडणे, दुबार नोंदी काढणे, प्रत करणे, एकदाच लिहून सगळीकडे वापरता यावीत म्हणून केलेले पाच-दहा ओळींचे फंक्शन. हाती आलेल्या डेटाला धक्का न लावता नवा ॲरे किंवा ऑब्जेक्ट परत देणे ही त्याची मुख्य अट. ती मोडली की चूक एका फाइलमध्ये असते आणि दिसते भलत्याच स्क्रीनवर.

उदाहरणादाखल नाशिक जिल्ह्यातल्या कांदा बाजारांची यादी घेऊ. प्रत्येक नोंदीत गाव, पिनकोड आणि क्विंटलमागे भाव.

सर्वाधिक फसगत क्रम लावताना होते. तुलनेचे फंक्शन दिले नाही, तर ‘सॉर्ट’ आकड्यांनाही मजकूर समजतो. ९००, १२००, ११०० हे भाव ११००, १२००, ९०० असे लागतात. दोन भावांची वजाबाकी परत करणारे फंक्शन दिले की काम होते. ‘सॉर्ट’ मूळ ॲरेच बदलतो, म्हणून आधी प्रत काढावी किंवा २०२३च्या आवृत्तीतले ‘टूसॉर्टेड’ वापरावे. गावांच्या नावांची गोष्ट वेगळी. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ला लागून येतो, मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर. त्यामुळे साध्या ‘सॉर्ट’मध्ये कळवण हे कसबे सुकेणेच्या आधी जाते. ‘लोकेलकम्पेअर’ला मराठीचा भाषासंकेत दिला की क्रम सुधारतो.

गट पाडायला ‘रिड्यूस’ (नोंदी एकेक करून एका साठ्यात मिळवणारे) चालते, पण सुरुवातीचे रिकामे ऑब्जेक्ट द्यायचे राहिले तर पहिली नोंदच साठा बनते, आणि यादी रिकामी असेल तर थेट एरर येते. २०२४पासून भाषेतच ‘ऑब्जेक्ट.ग्रुपबाय’ आहे, नव्या प्रकल्पात तेच बरे. पिनकोडवर गट केले तर लासलगावचा ४२२३०६ आधी येऊनही पिंपळगाव बसवंतचा ४२२२०९ त्याच्या वर बसतो, कारण ऑब्जेक्टमध्ये पूर्णांकासारख्या ‘की’ (मूल्य ज्या नावाने ठेवतात ती नावे) चढत्या क्रमाने लागतात. आलेला क्रम टिकवायचा तर ‘मॅप’ ही जोड्या ठेवणारी दुसरी रचना घ्यावी.

दुबार गावांची नावे ‘सेट’ (प्रत्येक मूल्य एकदाच ठेवणारी रचना) काढतो, दुबार ऑब्जेक्ट नाही. सगळी मूल्ये सारखी असली तरी दोन ऑब्जेक्ट त्याच्या लेखी वेगळेच. तिथे गाव ही ‘की’ धरून ‘मॅप’मध्ये भरावे, शेवटची नोंद टिकते.

तीन टिंबांनी (...) काढलेली प्रत वरवरची असते, आतला ऑब्जेक्ट दोघांत सामायिक राहतो. ‘स्ट्रक्चर्डक्लोन’ खोलवर प्रत करते आणि तारखाही जपते. आत फंक्शन सापडले की मात्र एरर देते.