गोष्टीला हुंकार हवा

आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एक अट असायची: मध्ये मध्ये 'हं' म्हणायचं. हुंकार थांबला की पोर झोपलं असं समजून ती गोष्ट तिथेच सोडायची. आता घरात 'हं' पुष्कळ ऐकू येतो. फक्त तो दोन सेकंद उशिरा येतो आणि म्हणणाऱ्याचा अंगठा काचेवर चालूच असतो. (यात मीही आलोच.)

हुंकार बंद झाला तर काय होतं, हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एका साध्या प्रयोगातून दाखवलं. आई काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी बोलते, खेळते. मग एकदम चेहरा कोरा करून नुसती बघत राहते, दोन-तीन मिनिटं. बाळाला हे लगेच कळतं. ते हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं. आईला हसवायच्या ठेवणीतल्या सगळ्या युक्त्या संपल्या की तोंड फिरवतं, मलूल होतं. आई कुठे गेलेली नसते, हाताच्या अंतरावरच असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोऱ्या चेहऱ्याऐवजी आईच्या हातात मोबाइल दिला, तरी बाळं तशीच अस्वस्थ झाली. स्क्रोल करणाऱ्या माणसाचा चेहरा एकदा बाजूला बसून बघा, तोही असाच कोरा असतो.

मग मोबाइल खाली का ठेववत नाही? पेपर शेवटच्या पानाला संपतो, आठची मालिका साडेआठला संपते. वेबसाइटवरही पूर्वी पानाच्या तळाशी 'पुढे' असं बटण असायचं. तेवढ्यात माणूस भानावर यायचा, चहा आठवायचा. २००६ साली एझा रास्किन या तरुण डिझायनरने खाली सरकताच नवा मजकूर आपोआप येत राहील अशी सोय बनवली. हेतू चांगला होता, वाचणाऱ्याचं क्लिक वाचावं. पुढे त्यांनीच जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्या सोयीने थांबाच काढून टाकला होता.

मोबाइलच्या या ओढीला 'डोपामाइनचा डोस' म्हणतात, तो शब्दप्रयोग मात्र मला खटकतो. डोपामाइन हे मेंदूतलं एक रसायन, पण ते म्हणजे आनंदाचा रस नव्हे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत अवचित मिळालेल्या फळाच्या रसाला डोपामाइनच्या पेशी जोरात प्रतिसाद देत. ठरल्या खुणेनंतर ठरलेला रस मिळाला की जवळपास गप्प असत. पुढचा व्हिडिओ भिकार निघेल की भन्नाट, हे माहीत नसणं हीच गोम आहे. रोज तेच 'जेवलास का?' विचारणारं घरचं माणूस या शर्यतीत मागे पडणारच.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने हा थांबा परत बसवला. करोनात शाळा मोबाइलवर गेली, नंतर शाळा भरली तरी पोरांच्या हातातला मोबाइल सुटेना. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला: टीव्ही, मोबाइल बंद, थेट साडेआठच्या भोंग्यापर्यंत. सुरुवातीला अंगणवाडीसेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत होते. ज्याला त्याला 'संयम ठेव' म्हणण्यापेक्षा अख्ख्या गावाने एकदम थांबणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. शेजारीही बंद असला की आपलं काही चुकतंय असं वाटत नाही.

दीड तासाने काय होणार, असं कोणी म्हणेल. पण ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत एरवीही आई-बाळाचे सूर जुळलेले असतात तो वेळ जेमतेम ३० टक्के. उरलेला वेळ सूर सुटतो, परत धरला जातो. प्रयोगाच्या शेवटी आई पुन्हा हसते, तेव्हाही बाळ लगेच खुलत नाही. जरा रुसूनच बघतं. २०१८च्या अभ्यासात एरवीही मोबाइलमध्ये जास्त रमणाऱ्या आयांच्या बाळांना परत खुलायला अधिक जड गेलं. आई हसत होती, बोलत होती. बाळ अजून अंदाज घेत होतं.