सर्पदंशापासून बचाव : खान्देशातील पदयात्री आणि प्रवासी

उष्ण कटिबंधातील प्रवासात विषारी सापांपासून बाळगायची सावधगिरी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खान्देशी जिल्ह्यांत मुख्यतः पायी चालणाऱ्यांच्या आणि जमिनीवर झोपणाऱ्यांच्या कामाची आहे. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे निघालेले पदयात्री उन्हाच्या तडाख्यामुळे रात्री चालतात, तर दिवाळीत अस्तंबा शिखरावर जाणारे भाविक सातपुड्याची खडकाळ वाट अनेकदा अंधारात चढतात. तापलेल्या दिवसांत सापही रात्रीच बाहेर पडत असल्यामुळे दोघांची वेळ एक होते. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे 58,000 मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक ग्रामीण भागातील आहेत.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे येथील चार प्रमुख विषारी साप होत. नाग उंदरांच्या मागे शेतात आणि वस्तीत येतो. घोणस पालापाचोळ्यात किंवा गवतात निश्चल पडून राहते व डिवचली गेल्यास कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार करते. फुरसे लहान असले तरी चपळ असते, खडकाळ माळावर दगडांखाली राहते आणि खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

मण्यारीचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ती झोपलेल्या माणसाला चावते आणि तिच्या दंशाची वेदना किंवा सूज बहुधा जाणवतच नाही. पहाटे पोटात दुखणे, उलटी, जड झालेल्या पापण्या आणि अडखळणारे बोलणे ही लक्षणे दिसली, तर अंगावर दंशाची खूण नसली तरी मण्यारीचा संशय धरावा. अशा वेळी अपचन समजून सकाळ उजाडण्याची वाट पाहणे जिवावर बेतते. बिनविषारी कवड्या साप तिच्यासारखाच दिसतो. दोघांच्या पट्ट्यांत फरक असला तरी प्रवाशाने अंधारात तो ओळखण्याच्या फंदात पडू नये.

मुक्कामी बाज किंवा खाट मिळाल्यास तीवरच झोपावे आणि जमिनीवर अंथरूण घालावे लागल्यास मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. पऱ्हाटीचे ढीग, कडब्याच्या गंजी आणि दगडी बांध यांच्या कडेला पथारी पसरू नये. चालताना टॉर्चचा उजेड पुढच्या पावलावर ठेवावा व घोट्यापर्यंतचे बूट घालावेत. अनवाणी वारीचा नवस असणाऱ्यांची श्रद्धा मान्य करूनही, रात्रीच्या टप्प्यापुरते पादत्राण घालावे, असा आग्रह बरोबरच्यांनी धरायला हवा. साप दिसल्यास थांबून त्याला वाट द्यावी. त्याला मारू नये. भारतीय साप 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, शिवाय मारायला जवळ गेलेल्या माणसालाच दंश होण्याचा धोका असतो.

खान्देशात रात्री सापाचे नाव घेण्याचे टाळून त्याला ‘जनावर’ म्हणतात आणि दंश झाल्यास ‘पान लागले’ असे सांगतात. रुग्णालयात मात्र सर्पदंशाचा संशय आणि त्याची वेळ स्पष्ट शब्दांत सांगावी. तोपर्यंत रुग्णाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा, अंगठ्या व जोडवी काढावीत आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती यायला उशीर होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघावे. घट्ट दोरी बांधणे, जखम कापणे व चोखणे यांनी अपायच होतो. बिनविषारी सापांचे दंश आणि विषारी सापांचे कोरडे (विष न सोडता झालेले) दंश उपचाराशिवायही बरे होतात. त्याचे श्रेय भगताला मिळत आले आहे आणि त्या विश्वासापायी खऱ्या विषबाधेतील मोलाचे तास वाया जातात.

घोड्याच्या रक्तापासून तयार होणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषांवर चालते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून दिले जाते, कारण त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. परंतु मण्यारीच्या विषाने चेतातंतूंच्या टोकांना एकदा झालेली इजा ते उलटवू शकत नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडल्यास रुग्णाला कृत्रिम श्वासावर, कधी कधी अनेक दिवस, ठेवावे लागते. म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणीसारख्या दुर्गम भागातून जवळच्या रुग्णालयात प्रतिविष मिळाल्यावरही, श्वासावर लक्ष ठेवत, व्हेंटिलेटर असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे रुग्णाला हलवण्याची तयारी ठेवावी लागते.