हेड आणि मॅनिफोल्डचे पोर्ट जुळवणे : काम देण्यापूर्वी वाचा

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणारा नळ्यांचा भाग, उतरवलात की त्याच्या बसणाऱ्या तोंडाकडे नीट पाहा. भोकाच्या एका बाजूला काजळीची चंद्रकोर दिसली, तर हेड (सिलिंडरवरचे झाकण) आणि मॅनिफोल्डची भोके, म्हणजे पोर्ट, समोरासमोर येत नाहीत असे समजा. हेडमधून सुसाट निघणारा वायू तेवढ्या जागी धातूवर आपटत होता. इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूला, काजळी धरत नाही, म्हणून तिथला दोष पटकन दिसत नाही, एवढेच. ओतकामात गाभा (साच्यात पोकळी घडवणारा भाग) जरासा सरकतो, बोल्टच्या भोकांत थोडी ढिलाई असते, आणि जोडावर एक-दोन मिलिमीटरची पायरी राहून जाते. ती काढणे म्हणजे पोर्ट मॅचिंग.

प्रत्येक पायरी मात्र वाईट नसते. इनटेकमध्ये हवा मॅनिफोल्डकडून हेडमध्ये शिरते; तिथे हेडचा पोर्ट लहान असला तर त्याची कड हवेच्या आड येते. ती घासलीच पाहिजे. एक्झॉस्टला उलटे : मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या पोर्टपेक्षा लहान असता कामा नये. थोडे मोठे असेल तर आम्ही ते मुद्दाम तसेच ठेवतो, कारण उलटा फिरू पाहणारा वायू त्या कडेवर अडतो.

‘गॅस्केटच्या (जोड गळू नये म्हणून मध्ये बसवायच्या पातळ पट्टीच्या) मापाने भोके मोठी करा’ असे बरेच ग्राहक सांगतात. आम्ही तसे करत नाही. गॅस्केट पुष्कळदा दोन्ही पोर्टपेक्षा मोठे असते. त्या मापाने घासले तर जोडाला पोट सुटते. हवा तिथे पसरून मंदावते आणि लगेच पुन्हा आकसते. गॅस्केट आम्ही वापरतो ते दोन्ही तोंडे ताडून पाहायला. हेडच्या तोंडावर निळा मार्किंग रंग लावून, गॅस्केट स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर) बसवून स्क्रायबरने, म्हणजे टोकदार सळईने, रेघ मारतो. मग तेच गॅस्केट मॅनिफोल्डवर. रेघेपासूनची अंतरे मोजली की कोणती बाजू किती सरकली आहे ते स्पष्ट कळते. लहान पोर्ट तेवढाच उघडतो आणि तो उतार 20 ते 25 मिलिमीटर आत नेऊन मूळ भिंतीत मिसळवतो. गॅस्केटला बसायला सपाट जागा उरत नसेल, किंवा भिंतीमागे पाण्याचा मार्ग फार जवळ असेल, तर काम नाकारतो.

इनटेकला 80 ग्रिटची (जराशी खरखरीत) घासाई पुरते, तिथे आरशासारख्या चकाकीचा उपयोग नाही. एक्झॉस्ट गुळगुळीत करतो. कार्बन कमी धरतो.

फरक जाणवतो तो वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन वेगाने फिरताना, आणि नुसत्या या कामाने फार मोठा नाही. हवेची खरी अडचण बहुतेक वेळा आत, व्हॉल्व्ह सीटखालच्या (झडप जिथे टेकते त्या कड्याखालच्या) घशात आणि तिथल्या आखूड वळणावर असते. पोर्ट सरसकट मोठा केला तर हवेचा वेग घटतो आणि खालच्या आरपीएमचा जोर जातो. रोजच्या वापराच्या गाडीसाठी हे आम्ही काम घेण्याआधीच सांगतो.

हेड, मॅनिफोल्ड आणि बसवायचे नवे गॅस्केट एकत्रच आणा. रबर सीलची खाच असलेला प्लास्टिकचा मॅनिफोल्ड आम्ही घासत नाही, फक्त हेड सुधारतो. काम झाल्यावर जोडात दोन डॉवेल पिना (दोन्ही भाग जागेवर धरणाऱ्या खुंट्या) बसवून देतो. त्या काढू नका. त्या नसतील तर बोल्ट आवळताना मॅनिफोल्ड सरकतो आणि पायरी पुन्हा जिथल्या तिथे येते.